लखिना पॅटर्न

शासकीय कार्यालयातील दप्तर, बैठकव्यवस्था आणि कामकाज एकाच वेळी सुधारण्याची महाराष्ट्रात रूढ झालेली पद्धत. अहमदनगरचे (आता अहिल्यानगर) तत्कालीन जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात आपल्याच जिल्हाधिकारी कार्यालयात ती राबवली, म्हणून त्यांच्या नावाने ती ओळखली जाते. ‘अहमदनगर प्रयोग’ असाही तिचा उल्लेख होतो.

पार्श्वभूमी : कोणता कागद किती वर्षे ठेवायचा याचे नियम महसूल कार्यालयांत पूर्वीपासून होते, छाटणी मात्र होत नसे. नष्ट केलेला कागद उद्या वरिष्ठांनी किंवा न्यायालयाने मागितला तर जबाबदारी कोणाची, या धास्तीने सगळेच जपून ठेवले जाई. रुमालात बांधलेली दप्तरे कपाटांवर, टेबलांखाली, जिन्याच्या कोपऱ्यात साचत. हवी ती नस्ती कुठे आहे हे बहुधा त्या टेबलावर वर्षानुवर्षे बसलेल्या एकाच कारकुनाला ठाऊक असे. तो रजेवर गेला की अर्जदाराला ‘सोमवारी या’ एवढेच उत्तर मिळे.

स्वरूप : सुधारणेची सुरुवात कागदांच्या वर्गवारीपासून होते. कायम जतन करायचे अभिलेख ‘अ’ वर्गात, साधारणपणे ३० वर्षे ठेवायचे ‘ब’ वर्गात, १० वर्षांचे ‘क’ वर्गात आणि वर्षभरानंतर नष्ट करता येणारे ‘ड’ वर्गात जातात. निकामी कागद हलले की जागा मोकळी होते. मग टेबलांची मांडणी, अभ्यागतांची सोय आणि कोणाकडे कोणते काम याची स्पष्ट वाटणी करता येते. कार्यपद्धती लिहून ठेवल्यामुळे नवा माणूसही ती वाचून कामाला लागू शकतो. हे काम बाहेरच्या सल्लागारांवर न सोपवता कार्यालयातील कर्मचाऱ्यांकडूनच करून घेणे हा या पद्धतीचा विशेष. ज्याने स्वतः गठ्ठे सोडून लावले, त्याला ते कुठे आहेत हे वेगळे सांगावे लागत नाही.

सहा गठ्ठे पद्धत : याच धाटणीची ही पद्धत एका टेबलापुरती असते. प्रत्येक कर्मचारी आपले कागद सहा गठ्ठ्यांत लावतो : कार्यवाही करायची प्रकरणे, इतरांच्या उत्तरासाठी थांबलेली प्रकरणे, ठरावीक मुदतीने पाठवायची नियतकालिके, स्थायी आदेशांच्या संचिका, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायचे ‘ड’ वर्गातील कागद. पहिल्या दोन गठ्ठ्यांतील भेद कळीचा आहे. ‘प्रकरण प्रलंबित आहे’ या एका वाक्याआड दोन गोष्टी लपतात : काम माझ्याकडे अडले आहे, किंवा तहसीलदाराचा अहवाल यायचा आहे. गठ्ठे वेगळे झाले की तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याला ते टेबलाशी उभ्याउभ्याच कळते आणि स्मरणपत्र कोणाला धाडायचे हेही ठरते.

प्रसार आणि कायदे : पुढे राज्यातील इतर कार्यालयांनीही हा पॅटर्न आपलासा केला. पुणे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी २०१७ मध्ये विभागात राबवलेल्या ‘झिरो पेंडन्सी’ मोहिमेत वर्गवारी, सहा गठ्ठे आणि रोजच्या रोज निपटारा यांवर भर होता. दरम्यान कायद्यांनीही याच दिशेने पावले टाकली. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्या व विलंब यांविषयीच्या महाराष्ट्राच्या २००५ च्या अधिनियमात कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजी दिवसांहून अधिक काळ राहू नये अशी तरतूद आहे. त्याच वर्षीच्या केंद्रीय माहिती अधिकार अधिनियमाने अभिलेखांची सूची व निर्देशांक तयार ठेवणे बंधनकारक केले. २०१५ च्या राज्य लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांना कालमर्यादा आणली.

मर्यादा : पॅटर्न कागदाची वाट सरळ करतो, निर्णय घेण्याची टाळाटाळ त्याने आपोआप जात नाही. अडचणीची नस्ती शेरा मारून खालच्या टेबलाकडे परत धाडली, तरी गठ्ठा रिकामाच दिसतो. रिक्त पदे असतील तर वर्गवारीचे काम मूळ कामाखाली दबते. शिवाय मोहीम संपली की जुनी सवय परतण्याचा धोका असतो, कारण बदल्यांविषयीच्या २००५ च्या अधिनियमानुसार एका पदावरील सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा आहे. उत्साही अधिकारी बदलून गेल्यावर मागे उरते ती नियमित दप्तर तपासणी आणि पदभार देतानाची नस्त्यांची यादी. या दोन्ही गोष्टी जिथे चुकत नाहीत, तिथे नव्या कारकुनाला जुन्याला फोन न करता पहिल्याच दिवशी हवी ती नस्ती काढता येते.