मद्यत्याग : शपथ आणि शुश्रूषा

आमच्या लहानपणी ज्ञातिसभेच्या अधिवेशनात मद्यपाननिषेधाचा ठराव झाला नाही असे वर्ष क्वचितच जाई. ठराव टाळ्यांच्या गजरात संमत होई आणि दोन-चार बांधव पुढे येऊन सर्वांसमक्ष शपथ घेत. परंतु शपथ घेऊन घरी गेलेल्या त्या मनुष्याच्या देहाची त्या रात्री, दुसऱ्या दिवशी व तिसऱ्या दिवशी काय अवस्था होते, याचा विचार एकाही ठरावात झालेला मला आठवत नाही. प्रस्तुत लेखात त्याच विषयाचा थोडासा इतिहास सांगावयाचा आहे. मी वैद्य नव्हे; प्राथमिक शाळेत आयुष्य घालविलेला एक सामान्य शिक्षक आहे. तरीही लेखणी हाती घेतली, त्यास कारण घडले आहे.

१९८० सालच्या आषाढी एकादशीस माझ्या एका चुलतबंधूंनी वडीलधाऱ्यांच्या आग्रहाने गळ्यात तुळशीची माळ घातली. बारा वर्षांचे व्यसन त्यांनी त्या दिवशी खरोखरच सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या हातात चहाची बशी ठरेना. अंगास घाम सुटला, डोळ्याला डोळा लागेना. रात्री भिंतीवरून मुंग्यांच्या रांगा येत आहेत असे म्हणून ते अंथरूण झटकू लागले. कोणी म्हणाले बाधा झाली, कोणी म्हणाले दारू मिळावी म्हणून हे सोंग आहे. त्यांना माडीवरील खोलीत कोंडावे असे ठरले. तिसऱ्या रात्री त्यांना झटके आले आणि पहाटे पाहतो तो सर्व संपले होते. त्या खोलीस बाहेरून कडी घालणारा हात माझा होता. तेव्हा माझे वय वीस वर्षांचे होते.

हे सोंग नव्हते, बाधाही नव्हती. हा एक रोग आहे व त्याचा शोध जुना आहे. थॉमस सटन नामक इंग्रज वैद्याने १८१३ मध्ये या कंपयुक्त उन्मादाचे स्वतंत्र वर्णन करून त्यास नाव दिले. पुढे शतकाहून अधिक काळ वैद्यांत वाद राहिला की, हा उन्माद दारू पिण्याने होतो, उपासमारीने होतो, की दारू एकाएकी तुटल्याने होतो? १९५५ मध्ये अमेरिकेतील केंटकी प्रांती लेक्सिंग्टन येथे हॅरिस आयस्बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा निर्णय लावणारा प्रयोग प्रसिद्ध केला. पूर्वी अफूजन्य पदार्थांच्या आहारी गेलेल्या काही बंदिवानांना उत्तम आहार देऊन अनेक आठवडे मद्य पाजण्यात आले व नंतर ते एकदम बंद केले. असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही, व ते योग्यच आहे. परंतु त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली. पोटभर अन्न मिळत असूनही, ज्यांनी दीर्घकाळ भरपूर मद्य घेतले होते त्यांना ते बंद होताच कंप सुटला. काहींना झटके आले व काहींना भ्रम झाला.

याचे कारण असे की, मद्य मेंदूस मंद करते आणि मेंदू त्या मंदत्वाविरुद्ध नित्य जोर लावून राहण्यास शिकतो. आधार एकाएकी निघाला म्हणजे तोच जोर मोकाट सुटतो. शेवटच्या प्याल्यानंतर सुमारे सहा ते चोवीस तासांत कंप व निद्रानाश सुरू होतात, झटके बहुधा पहिल्या दोन दिवसांत येतात, आणि भ्रम, ताप व उन्माद दुसऱ्या ते चौथ्या दिवसांच्या सुमारास संभवतात. प्रत्येकास इतके होतेच असे नाही. पण ज्यास होते त्याचा प्राण जाऊ शकतो. १९६० मध्ये क्लोरडायझेपॉक्साइड हे औषध बाजारात आले. तेव्हापासून अशा औषधांच्या मात्रा दिवसेंदिवस उतरवीत नेऊन, जोडीस ब-१ जीवनसत्त्व देऊन, हे दिवस सुखरूप पार पाडता येतात.

क्रमाक्रमाने उतरण्याचे हे तत्त्व आपणांस परके नाही. अंगवळणी पडलेली अहितकर गोष्ट एकदम न टाकता अंशाअंशाने टाकावी, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितले आहे. त्याच ग्रंथाच्या मदात्ययप्रकरणात, मद्य सोडलेला मनुष्य पुन्हा एकाएकी अतिमद्य घेऊ लागला असता होणाऱ्या विकारांचाही स्वतंत्र निर्देश आहे. मात्र यावरून घरच्या घरी थोडी थोडी दारू देण्याचा उपाय कोणी काढू नये. मात्रा ठरविणे हे डॉक्टरांचे काम आहे.

आपल्या प्रांतात कायद्याचाही प्रयत्न झाला. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात डॉ. गिल्डर यांच्या पुढाकाराने १९३९ च्या ऑगस्टमध्ये मुंबई शहरात दारूबंदी आली. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा झाला. हेतू थोर होता. परंतु कायदा बाटली अडवू शकतो. तल्लफ अडविणे त्याच्या हाती नाही.

तल्लफेवरचा उपाय एका वेगळ्याच ठिकाणी सापडला. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचे गृहस्थ अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी व्यवहारात अपयश पदरी घेऊन एकटे उभे होते. दारू सोडून त्यांना काही महिनेच झाले होते. शेजारच्या मद्यगृहाकडे पाय वळू लागताच त्यांनी दूरध्वनी करून आपल्यासारखाच दुसरा व्यसनी शोधला. ते होते शल्यवैद्य डॉ. बॉब स्मिथ. १० जून रोजी शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांचा हात थरथरू नये म्हणून बिल यांनीच त्यांना बिअर दिली. तीच त्यांची अखेरची ठरली. 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही संघटना त्या भेटीतून जन्मली. 'जन्मभर पिणार नाही' या भीष्मप्रतिज्ञेऐवजी 'आजचा दिवस पिणार नाही' एवढेच म्हणावे, आणि ओढ लागताच समदुःखी मित्राला गाठावे, हा तिचा मार्ग. पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. त्यास पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांचे साहाय्य लाभले. तेथेही व्यसनीस अपराधी न मानता रुग्णमित्र मानण्याची रीत पडली.

तल्लफ ही लाटेसारखी असते. चढते, शिगेस पोहोचते व बहुधा अर्ध्या घटकेत ओसरू लागते. भूक, क्रोध, एकाकीपणा व थकवा हे तिचे चार सोबती. त्या वेळी त्या मनुष्यास दोन घास खाऊ घालणारे, त्याच्यासह चार पावले चालणारे कोणी असेल तर निम्मे काम होते. आणि तो पुन्हा घसरला, तर मागची सारी धडपड व्यर्थ गेली असे समजू नये. ज्वर उलटला म्हणून आपण रोग्यास घराबाहेर काढीत नाही.

ज्ञातिबंधुभगिनींनो, माझी विनंती इतकीच आहे. आपल्या घरातील कोणी नित्य पिणारा सोडतो म्हणाला, तर शपथेच्या आधी त्यास रुग्णालयात न्या. माळ अवश्य घाला, ती पुढच्या वाटचालीस बळ देईल. पण पहिले चार-पाच दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली जाऊ द्या. हात कापू लागले, भ्रम झाला, तर क्षणाचाही विलंब लावू नका. आपल्या सभेने पुढील अधिवेशनात ठराव करावयाचाच असेल, तर अशा कुटुंबांसोबत रुग्णालयात रात्र जागविणाऱ्या चार स्वयंसेवकांची नावे त्यात असावीत. वयाने शक्य होईल तोवर त्यांत पहिले नाव माझे लिहावे.

माझ्या चुलतबंधूंनी दिलेला शब्द अखेरपर्यंत पाळला होता, हे मी आज पंचेचाळीस वर्षांनंतर तरी सर्वांसमक्ष नमूद करणे लागतो. उणे पडलो ते आम्ही.