कुंडलिकेच्या दोन काठांवरील बाजार : जालना शहराच्या मध्यवर्ती भागाची जडणघडण

मराठवाड्याच्या आर्थिक इतिहासात जालना शहराचे स्थान महत्त्वपूर्ण आहे. ‘जालना सोने का पालना’ ही उक्ती आजही प्रचलित आहे. मात्र हे सोने शहराच्या नेमक्या कोणत्या भागात पिकले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. कुंडलिका नदीच्या एका काठावर जुना जालना व दुसऱ्या काठावर कादराबाद अथवा नवा जालना, अशी शहराची विभागणी आहे. प्रस्तुत लेखात या दोन वस्त्यांच्या संबंधातून मध्यवर्ती भागाचा विकास तपासला आहे.

जुन्या जालन्यात इ. स. 1578 मध्ये जमशेदखानाने काळी मशीद व तिच्याजवळ सराय आणि हमाम बांधला. सराय ही वाटसरू व व्यापारी यांच्या मुक्कामाची जागा असल्याने येथील रहदारी त्या काळीही लक्षणीय असावी. पुढे आसफजाहच्या आज्ञेवरून काबिलखानाने 1725 मध्ये किल्ला उभारला; 1803 च्या असईच्या लढाईपूर्वी कर्नल स्टीव्हन्सनने तो जिंकून घेतला. स्थानिक इतिहासलेखनाने या वास्तूंना भरपूर पाने दिली, पेठांना मात्र क्वचितच एखादी ओळ दिली.

वस्तुतः शहराचा मुख्य व्यापार किल्ल्याभोवती स्थिरावला नाही. तो पलीकडच्या काठावर वाढला. हिंदुस्थानात छावणीच्या मुख्य बाजारास सामान्यतः सदर बाजार म्हणत. जालन्यातही एकोणिसाव्या शतकात हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती व हे नाव येथेही रूढ झाले. 1903 मध्ये कंटिंजंटचे स्वतंत्र अस्तित्व संपुष्टात आले. तेव्हा सदर बाजार ओस पडणे स्वाभाविक ठरले असते. तसे घडले नाही, कारण त्यापूर्वीच, 1900 च्या सुमारास, मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग जालन्यात पोहोचला होता आणि फौजेच्या गिऱ्हाइकीची जागा कापसाने घेतली होती. विशेष म्हणजे रेल्वे स्थानक जुन्या जालन्याच्या बाजूस झाले, तरी सराफा, फूल बाजार व कादराबादच्या पेठा जागच्या हलल्या नाहीत. स्थानकापेक्षा पेढी, पत आणि ओळखीचा अडत्या यांचे वजन अधिक ठरले, असेच म्हणावे लागते.

1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. पुढे पोलाद उद्योगही वाढला. त्यामुळे उत्पादन शहराबाहेर गेले, किरकोळ व्यापार मात्र पेठांतच राहिला. 1981 मध्ये जालना जिल्ह्याचे मुख्यालय झाले, 2023 मध्ये महानगरपालिकाही आली. तथापि शहरातील दोन पोलीस ठाणी अद्याप ‘कदीम जालना’ व ‘सदर बाजार’ याच नावांनी ओळखली जातात.