हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि निजामी राजवटीतील माध्यमिक शिक्षणाचा भाषाप्रश्न

प्रस्तावना :

धाराशिव जिल्ह्याच्या आधुनिक इतिहासाचा विचार करताना नळदुर्गचा किल्ला, तुळजापूरचे देवस्थान आणि सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई यांकडे अभ्यासकांचे लक्ष सहज जाते. त्या मानाने जिल्ह्यातील शाळांच्या इतिहासाची चर्चा कमी होते. वास्तविक मराठवाड्यातील राजकीय जागृतीचा उगम शोधू लागल्यास आपण सभागृहात किंवा न्यायालयात न पोहोचता एका खेड्यातील शाळेत पोहोचतो. आज लोहारा तालुक्यात असलेल्या हिप्परगा या गावी १९२१ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय शाळा ही ती संस्था होय. माध्यमिक शिक्षणाच्या भाषेचा प्रश्न या प्रदेशात राजकीय लढ्याचा प्रश्न का बनला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी युरोपातील बेल्जियम या देशाच्या फ्लेमिश प्रदेशाशी तुलना केली आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

१८५३ च्या तहान्वये नळदुर्ग-धाराशिवचा परिसर इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि १८६० मध्ये तो निजामाकडे परत आला. पुढे धाराशिवला सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून उस्मानाबाद हे नाव मिळाले. २०२३ मध्ये धाराशिव हे जुने नाव पुन्हा अधिकृत झाले. या परतीमुळे जिल्ह्याची पश्चिम सीमा ही दोन राजवटींची सीमा ठरली. सीमेपलीकडे मुंबई इलाख्यातील सोलापूर व बार्शी ही मराठी शाळांची, वृत्तपत्रांची व छापखान्यांची गावे होती. अलीकडे मात्र बोलण्याची भाषा तीच असून राज्यकारभाराची भाषा वेगळी होती.

हैदराबाद संस्थानात १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली. संस्थानातील सुमारे निम्मी प्रजा तेलुगू, जवळपास एक चतुर्थांश मराठी आणि त्याखालोखाल कन्नड बोलणारी होती. उर्दू ही मातृभाषा असणाऱ्यांचे प्रमाण दशांशाच्या आसपास होते. प्राथमिक स्तरावर स्थानिक भाषेला काही स्थान असले तरी माध्यमिक स्तरावर माध्यम प्रामुख्याने उर्दू होते आणि काही मोजक्या शाळांत इंग्रजी होते. त्यामुळे मराठी मुलाच्या शिक्षणातील खरा उंबरठा माध्यमिक शाळेच्या दाराशी होता. तो ओलांडायचा तर परकी भाषा आत्मसात करणे, सीमेपलीकडे जाणे किंवा शिक्षण सोडून देणे, एवढेच पर्याय त्याच्यापुढे उरत. सीमेपलीकडे जाणे हे अर्थातच खाऊनपिऊन सुखी असलेल्या कुटुंबांनाच शक्य होते.

उस्मानिया विद्यापीठाचा प्रयोग :

या चित्राची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून उर्दूचा स्वीकार केला. विज्ञान, वैद्यक व कायदा यांचे ग्रंथ उर्दूत आणण्यासाठी स्वतंत्र भाषांतर विभाग उभारण्यात आला. ब्रिटिश हिंदुस्थानातील विद्यापीठे इंग्रजीतून शिकवीत असताना एका भारतीय भाषेतून आधुनिक ज्ञान देता येते, हे या विद्यापीठाने सिद्ध केले. हा प्रयोग मोलाचा होता, हे मान्य करण्यात कोणताही संकोच असू नये.

परंतु या प्रयोगातच एक अंतर्विरोध होता. परकी भाषेच्या ओझ्याने विद्यार्थ्याची बुद्धी दबते, या तत्त्वावर इंग्रजीऐवजी उर्दू आणली गेली. तेच तत्त्व मराठी, तेलुगू व कन्नड विद्यार्थ्यांना लागू करण्यास मात्र राजवट तयार नव्हती. विद्यापीठाचे माध्यम उर्दू ठरल्यामुळे त्याची तयारी करून घेणाऱ्या माध्यमिक शाळेवर उर्दूची पकड अधिकच घट्ट झाली.

हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा :

१९०६ च्या कलकत्ता काँग्रेसने स्वराज्य, स्वदेशी व बहिष्कार यांच्या बरोबरीने राष्ट्रीय शिक्षणाचा पुरस्कार केला होता. १९२० च्या असहकार चळवळीने त्या विचाराला नवी गती दिली. १९२० मध्ये अहमदाबादला गुजरात विद्यापीठ आणि १९२१ मध्ये पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. याच लाटेत व्यंकटराव देशमुख व अनंतराव कुलकर्णी यांनी हिप्परग्यास राष्ट्रीय शाळा काढली. सरकारी नियंत्रणापासून स्वातंत्र्य, मातृभाषेतून अध्यापन, शरीरश्रम आणि देशप्रीती ही राष्ट्रीय शिक्षणाची सूत्रे होती. ब्रिटिश मुलखात अशी शाळा इंग्रज सरकारच्या विरोधात उभी राहत असे. संस्थानात तिला निजाम आणि त्याच्यामागील ब्रिटिश सत्ता अशा दोन सत्तांकडे पाठ फिरवावी लागे. खासगी शाळा आणि सार्वजनिक सभा यांना पूर्वपरवानगीच्या अटी असलेल्या काळात हे धाडस लहान नव्हते.

या शाळेला खरे नेतृत्व लाभले ते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या रूपाने. त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. त्यांचा जन्म १९०३ मध्ये विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण सोलापुरास आणि उच्च शिक्षण टिळक महाराष्ट्र विद्यापीठात झाले. कामगार चळवळीत काही काळ काम केल्यानंतर ते हिप्परग्यास आले. तेथे असतानाच १९३० मध्ये त्यांनी संन्यास घेतला आणि संन्यासी होऊनही ते शिक्षक म्हणून कार्यरत राहिले, ही बाब लक्षणीय आहे. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे ध्येयनिष्ठ सहकारी त्यांना याच शाळेत मिळाले.

१९३५ मध्ये स्वामीजी मोमिनाबाद म्हणजे आजच्या अंबाजोगाई येथे गेले व तेथील योगेश्वरी नूतन विद्यालयाची धुरा त्यांनी सांभाळली. हिप्परग्यात रुजलेली दृष्टी अशा रीतीने मोठ्या गावात आली. औरंगाबादचे सरस्वती भुवन, गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय व हैदराबादचे विवेक वर्धिनी या खासगी संस्थाही निरनिराळ्या मार्गांनी हेच कार्य करीत होत्या.

शाळेतून चळवळीकडे :

१९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली आणि सत्याग्रह सुरू झाला. स्वामीजींनी शिक्षकाचे काम सोडून पूर्णवेळ राजकारण स्वीकारले व कारावास पत्करला. त्याच वर्षाच्या अखेरीस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावर बंदी घातली गेली. विद्यार्थ्यांनी संप केला, अनेकांना काढून टाकण्यात आले आणि त्यांतील बहुतेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. ज्या राजवटीने शिक्षणाची भाषा ठरवली होती, तिच्याच विद्यापीठातून तिच्याविरुद्धचे कार्यकर्ते बाहेर पडले. १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात शिक्षक व विद्यार्थी मोठ्या संख्येने दिसतात, त्याचे कारण या परंपरेत आहे.

फ्लेमिश प्रदेशाशी तुलना :

१८३० मध्ये स्वतंत्र झालेल्या बेल्जियममध्ये उत्तरेकडील फ्लेमिश प्रजा डच भाषा बोलत असे, परंतु प्रशासन, न्यायालये व माध्यमिक शाळा यांत फ्रेंचचे वर्चस्व होते. गेंट किंवा ब्रुज शहरातील कारागिराच्या मुलासाठी माध्यमिक शाळा हा भाषेचा आणि वर्गाचा असा दुहेरी अडसर होता. १८८३ च्या कायद्याने फ्लेमिश भागातील सरकारी माध्यमिक शाळांत काही विषय डचमधून शिकवण्याची तरतूद झाली. कॅथलिक धर्मसंस्थेच्या खासगी शाळा त्या कायद्याबाहेर राहिल्या व १९१० च्या कायद्याने त्यांना या तत्त्वाच्या कक्षेत आणले. गेंट विद्यापीठ १९३० मध्ये डच माध्यमाचे झाले. १९३२ च्या कायद्याने प्रदेशाची भाषा हीच प्राथमिक व माध्यमिक शिक्षणाची भाषा ठरली.

दोन्ही प्रदेशांना सीमेपलीकडील भाषाबंधूंचा आधार होता. फ्लेमिशांना तो नेदरलँड्सचा, तर मराठवाड्याला सोलापूर-पुण्याचा होता. मूलभूत फरक राजकीय व्यवस्थेत आहे. बेल्जियममध्ये संसद होती. मताधिकार विस्तारत गेला तसा फ्लेमिश मतदाराचा आवाज कायद्यात उतरत गेला आणि अर्धशतकात प्रश्न टप्प्याटप्प्याने सुटला. हैदराबादेत लोकांना उत्तरदायी असलेले अधिकारसंपन्न विधिमंडळच नव्हते. मागणी मांडण्यासाठी सभागृह नसल्यामुळे शाळा हेच सभागृह बनले आणि शिक्षक हाच प्रतिनिधी ठरला.

स्वातंत्र्योत्तर काळ :

१९४८ नंतर मराठवाड्यातील शाळांत मराठी माध्यम रूढ झाले. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. मराठी माध्यम मिळाल्याने दलितांचा शिक्षणाचा प्रश्न आपोआप सुटत नाही, हे त्यातून स्पष्ट होते. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. सत्तांतराची किंमत उर्दूतून शिकलेल्या पिढीलाही मोजावी लागली. त्यांच्या शिक्षणाचे व्यावहारिक मूल्य अल्पावधीत घटले. भाषेचा न्याय करताना दुसऱ्या भाषेच्या विद्यार्थ्यावर अन्याय होऊ शकतो, ही नोंद इतिहासकाराने घ्यावयास हवी.

निष्कर्ष :

१) निजामी राजवटीत मराठी मुलाची शैक्षणिक कोंडी मुख्यत्वे माध्यमिक स्तरावर झाली.

२) उस्मानिया विद्यापीठाचा भारतीय भाषेचा प्रयोग थोर होता, परंतु बहुसंख्य प्रजेच्या भाषांना त्याचा लाभ नाकारला गेला.

३) हिप्परग्याच्या शाळेने मातृभाषेतील शिक्षण व राजकीय जागृती यांची सांगड घातली आणि तिचे शिक्षक पुढे चळवळीचे नेते झाले.

४) लोकशाही मार्ग उपलब्ध असेल तेथे शिक्षणाचा भाषाप्रश्न कायद्याने सुटू शकतो. तो बंद असेल तेथे तो प्रश्न राज्यसत्तेच्या वैधतेलाच आव्हान देतो.

आज जिल्ह्यातील पालक मुलांना इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालण्यास उत्सुक आहेत. ही निवड कोणत्याही राजवटीने लादलेली नाही आणि तिच्यामागील आर्थिक कारणे खरी आहेत. तरीही समजत नसलेल्या भाषेमुळे माध्यमिक वर्गात मागे पडणारा विद्यार्थी आजही आपल्या महाविद्यालयांत पोहोचण्यापूर्वीच गळतो. हिप्परग्याच्या शिक्षकांनी हाती घेतलेला प्रश्न त्यामुळे अद्याप संपलेला नाही. त्याचे उत्तर शोधण्याची साधने मात्र आता आपल्या हाती आहेत.