कामावर शिकवणाऱ्यांचा सन्मान

कारखान्यात, बँकेत किंवा कार्यालयात नोकरदारांना शिकवणाऱ्या प्रशिक्षकांसाठी वेगळे पुरस्कार-सोहळे भरू लागले ते विसाव्या शतकाच्या अखेरीस. कामावर शिकवण्याची रीत त्याहून फार जुनी आहे. युरोपातल्या कारागीर-संघांमध्ये उमेदवार वर्षानुवर्षे उस्तादाच्या घरी राहून धंदा शिके आणि शेवटी आपल्या हातची एक वस्तू संघापुढे परीक्षेला मांडे. वस्तू पसंत पडली की मान उमेदवाराला मिळे. उस्तादाचे शिकवणे हा त्याच्या धंद्याचाच भाग मानला जाई. लंडन शहराने आणि तिथल्या सोळा कारागीर-संघांनी 1878 मध्ये ‘सिटी अँड गिल्ड्स’ ही संस्था काढून तांत्रिक परीक्षांची घडी बसवली. तिथेही बक्षिसे आणि पदके होती ती परीक्षा देणाऱ्यांसाठी. शिकवणाऱ्याचे काम शिकणाऱ्याच्या हातातूनच दिसते, आणि बक्षीस देणाऱ्याची नजर त्या हातापाशीच थांबते. प्रशिक्षकाच्या नावाने बक्षीस निघायला दोन गोष्टी व्हाव्या लागल्या: शिकवणे हा कारखान्यातला वेगळा पेशा ठरणे, आणि त्याचे फळ मोजता येणे.

पहिली गोष्ट घडली ती युद्धांमुळे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेला घाईघाईने जहाजे बांधायची होती आणि गोद्यांमध्ये कसबी कामगार पुरेसे नव्हते. चार्ल्स अ‍ॅलन या व्यवसायशिक्षण-तज्ज्ञाने त्या वेळी नवख्यांना शिकवण्याची चार पायऱ्यांची पद्धत वापरली: शिकणाऱ्याची मानसिक तयारी, काम समजावून दाखवणे, त्याच्याकडून करवून घेणे आणि शेवटी तपासणे. 1919 मध्ये त्याने ती पुस्तकरूपाने मांडली. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, 1940 मध्ये, अमेरिकन सरकारने ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा उपक्रम सुरू केला तेव्हा हीच पद्धत पायाला घेतली. तेलधंद्यातून आलेले चॅनिंग डूली आणि ‘वेस्टर्न इलेक्ट्रिक’मधून आलेले वॉल्टर डीट्झ हे या उपक्रमाचे कर्तेधर्ते होते. त्यांच्यापुढच्या पहिल्या अडचणींपैकी एक होती दुर्बिणी आणि तोफांच्या नेमयंत्रांना लागणाऱ्या भिंगांची. भिंग घासणारा कारागीर तयार व्हायला वर्षे लागत. कामाचे तुकडे पाडून पाहिल्यावर असे दिसले की त्यातली बरीच कामे साध्या हातांना लवकर शिकवता येतात आणि खरे कसब थोड्याच टप्प्यांवर लागते. वर्षांची मुदत महिन्यांवर आली.

या उपक्रमातला ‘काम कसे शिकवावे’ हा वर्ग आजही अभ्यासण्यासारखा आहे. साधारण दहा मुकादम-फोरमन एकत्र बसत. दोन-दोन तासांच्या पाच बैठका, एकूण दहा तास. पहिल्या बैठकीत प्रशिक्षक दिव्याच्या सॉकेटमध्ये मारायची विजेच्या तारेची गाठ घेई. तारेला हिसका बसला तरी जोड निखळू नये म्हणून ती मारतात. समोरच्या एकाला पुढे बोलावून तो गाठ कशी मारायची ते नुसते तोंडाने सांगे: उजवे टोक पुढून घ्या, फास करा, डावे टोक त्याच्या मागून आणा. वर्षानुवर्षे यंत्रांवर काढलेला माणूस तार हातात धरून गोंधळून उभा राही. मग प्रशिक्षक एक शब्द न बोलता गाठ मारून दाखवी. समोरून पाहणाऱ्याला डावे-उजवे उलटे दिसे आणि गाठ पुन्हा फसे. तिसऱ्या खेपेला तो शिकणाऱ्याला शेजारी उभा करी, एकेक पायरी दाखवी, दर पायरीला जपायची खूण आणि तिचे कारण सांगे, मग त्याच्याकडून करवून घेई आणि करता करता त्यालाच बोलायला लावी. आता गाठ बसे. सांगणे आणि शिकवणे यांतला फरक खोलीतल्या प्रत्येकाला तिथल्या तिथे पटे. वर्गात प्रत्येकाला खिशात ठेवायचे एक छोटे कार्ड मिळे. कामगार शिकला नसेल तर दोष शिकवणाऱ्याकडे शोधावा, असा त्या कार्डाचा मुख्य दंडक होता. नवख्याला ‘डोके नाही’ म्हणून हाकलणाऱ्या जुन्या कारखानदारीत हा दंडक क्रांतिकारकच म्हटला पाहिजे. 1945 मध्ये उपक्रम बंद झाला तोवर सोळा हजारांहून अधिक कारखान्यांतल्या सोळा लाखांवर लोकांना त्याची प्रमाणपत्रे मिळाली होती.

याच काळात प्रशिक्षकांनी आपली संघटना उभारली. एप्रिल 1942 मध्ये न्यू ऑर्लिन्सला तेलकंपन्यांचे प्रशिक्षण-अधिकारी जमले असताना तिची कल्पना निघाली आणि 1943 च्या जानेवारीत बॅटन रूजला तिचे काम रीतसर सुरू झाले. ‘अमेरिकन सोसायटी ऑफ ट्रेनिंग डायरेक्टर्स’ हे तिचे पहिले नाव. पुढे ती एएसटीडी म्हणून जगभर ओळखली गेली आणि 2014 पासून ‘असोसिएशन फॉर टॅलेंट डेव्हलपमेंट’ झाली.

दुसरी गोष्ट, मोजमापाची, याच संघटनेच्या मासिकातून पुढे आली. विस्कॉन्सिन विद्यापीठातले डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959-60 मध्ये तिथे चार लेख लिहिले. प्रशिक्षणाचे मोल चार पातळ्यांवर पाहावे असे त्यांनी मांडले: वर्गात बसलेल्यांना ते कसे वाटले, त्यांना काय आले, कामावर परतल्यावर त्यांच्या वागण्यात काय बदलले, आणि त्यातून संस्थेला काय मिळाले. पहिली पातळी मोजायला सोपी आहे, वर्ग संपल्यावर एक फॉर्म भरून घेतला की झाले. चौथी सर्वांत अवघड, कारण उत्पादन वाढले तर ते प्रशिक्षणाने, नव्या यंत्राने की तेजीने, हे वेगळे काढणे कठीण असते. ही अडचण आजही पुरती सुटलेली नाही. पण प्रशिक्षकाच्या कामाची तुलना करायला एक सामाईक पट्टी मिळाली, आणि पुढच्या अनेक पुरस्कारांचे अर्ज याच चार पातळ्यांच्या सावलीत तयार झाले.

ब्रिटनमध्ये ‘नॅशनल ट्रेनिंग अवॉर्ड्स’ 1987 मध्ये सुरू झाले. बेकारी आणि कौशल्याचा तुटवडा या दोन्ही गोष्टींनी तेव्हा तिथले सरकार अडचणीत होते. प्रशिक्षणावरचा खर्च वाया जात नाही हे मालकांना उदाहरणांनी पटवावे, हा त्यामागचा हेतू. अमेरिकेत ‘ट्रेनिंग’ मासिकाने 2001 पासून प्रशिक्षणात पुढे असलेल्या कंपन्यांची क्रमवारी छापायला घेतली. आधी पन्नास, मग शंभर, नंतर सव्वाशे. एएसटीडीने 2003 मध्ये ‘बेस्ट’ पुरस्कार आणले. इंटरनेटवरून शिकवण्याचा जमाना आल्यावर लंडनमध्ये त्या तंत्रासाठी वेगळे पुरस्कार निघाले. टीसीएस, इन्फोसिस, विप्रो या भारतीय कंपन्याही अमेरिकेतल्या विजेत्यांच्या यादीत दिसू लागल्या. हजारो नव्या अभियंत्यांना कामाला लावण्याआधी महिनोन् महिने शिकवणे हा त्यांच्या धंद्याचाच पाया होता, त्यामुळे त्यात आश्चर्य नव्हते.

या सोहळ्यांचा साचा सगळीकडे जवळपास सारखा आहे. आधी गट ठरतात: नवागतांचे प्रशिक्षण, नेतृत्वविकास, ऑनलाइन शिक्षण, वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक, सर्वोत्तम चमू. ठरलेल्या शब्दमर्यादेत अर्ज लिहायचा, सोबत आकडे आणि पुरावे जोडायचे. निवडक अर्जदारांना परीक्षकांपुढे उभे राहून प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. अंतिम यादी जाहीर होते, आणि मग हॉटेलच्या मोठ्या दालनात गोल टेबले मांडून जेवणाची रात्र. एकेक गट पुकारला जातो, नावे पडद्यावर येतात, पाकीट उघडते. एरवी वर्गाच्या मागच्या बाकाजवळ वावरणारी ही मंडळी त्या रात्री ठेवणीतले कपडे घालून मंचावर चढतात. अर्जासाठी आणि टेबलासाठी शुल्क असते, त्यामुळे लहान संस्था अनेकदा बाहेरच राहतात. बक्षिसाचा खरा कस परीक्षकांच्या प्रश्नांत असतो. जिथे चौथ्या पातळीचा पुरावा मागतात तिथल्या ट्रॉफीला वजन आहे, आणि जिथे शुल्क भरणाऱ्या बहुतेकांना काही ना काही मिळते तिथली ट्रॉफी कपाटापुरतीच राहते.

भारतातली वाट निराळी होती. मुंबईच्या गिरण्यांत नवखा कामगार शिके तो गाववाल्याच्या किंवा भावकीतल्या कुणाच्या तरी शेजारी मागावर उभा राहून, बहुधा बिनपगारी. नंतर जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या, मर्जीने बदली कामगारांत नाव लागे. शिकवणाऱ्याला त्याचा मोबदला नव्हता आणि नावही नव्हते. मुंबईत 1887 मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटने या शिक्षणाला वर्गाची चौकट दिली. रेल्वेने जमालपूरच्या कारखान्यात, टाटांनी 1921 मध्ये जमशेदपूरच्या टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये उमेदवारीची पद्धत बसवली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश मजूरमंत्री बेविन यांच्या नावाच्या योजनेखाली भारतीय तंत्रकामगार ब्रिटनच्या कारखान्यांत शिकायला गेले. स्वातंत्र्यानंतर आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या तज्ज्ञांमार्फत ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ची पद्धत 1950 च्या दशकात इथल्या कापडगिरण्यांत पोचली. जॉबरला शिकवायला शिकवणे ही त्यातली मोलाची गोष्ट, कारण खात्यात नवख्याची गाठ पहिल्यांदा त्याच्याशीच पडे.

1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने मोठ्या कारखान्यांवर उमेदवार घेऊन त्यांना शिकवण्याचे बंधन घातले. पिंपरीला टेल्को या टाटांच्या मोटार-कंपनीचा प्रकल्प 1966 मध्ये आकाराला येऊ लागला तेव्हा कंपनीचे प्रमुख सुमंत मूळगावकर यांनी प्रशिक्षण विभाग आधी उभा केला. गाड्या नंतर आल्या. हत्यारे घडवणारे, फिटर, टर्नर तिथे घडले, आणि पिंपरी-चिंचवडच्या यंत्रउद्योगाला त्यांचा पुढे मोठा आधार झाला. महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात या निर्णयाची नोंद कारखान्याच्या नोंदीइतकीच ठळक हवी.

गौरव मात्र इथेही आधी शिकणाऱ्याचा आणि कामगाराचा झाला. उत्पादन वाढवणाऱ्या सूचना करणाऱ्या कामगारांसाठी 1965 मध्ये सुरू झालेले पुरस्कार पुढे ‘विश्वकर्मा’ नावाने दिले जाऊ लागले, आणि ‘पंतप्रधान श्रम पुरस्कार’ 1985 मध्ये आले. शिकाऊ उमेदवारांच्या अखिल भारतीय कौशल्य स्पर्धेत फिटर, टर्नर, वेल्डर ठरलेल्या वेळात ठरलेला नग करून दाखवतात आणि पंच तो मोजून गुण देतात. तिथे उमेदवारांबरोबर त्यांना घडवणाऱ्या आस्थापनेलाही ट्रॉफी ठेवलेली आहे. शिकवणाऱ्यांची दखल संस्थेच्या नावाने का होईना, पण घेतली गेली ती अशी.

प्रशिक्षकांची स्वतःची संस्था ‘इंडियन सोसायटी फॉर ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंट’ 1970 मध्ये दिल्लीत स्थापन झाली. तिने नोकरी सांभाळून करता येणारी पदविका काढली आणि नावीन्यपूर्ण प्रशिक्षण-पद्धतींसाठी राष्ट्रीय पुरस्कार ठेवला. सार्वजनिक क्षेत्रातले पोलाद, तेल आणि वीज उद्योग त्यात हिरिरीने उतरत आले आहेत. उदारीकरणानंतर खासगी संस्थांचे सोहळे वाढले. मुंबई त्यांचे मोठे केंद्र बनली. त्यांतल्या बहुतेकांचा रोख मनुष्यबळ विभागातल्या अधिकाऱ्यांवर राहिला. लेथजवळ उभे राहून शिकवणारा निदेशक त्या दालनांत क्वचितच दिसे. केंद्र सरकारच्या कौशल्य विकास मंत्रालयाने 2019 मध्ये ‘कौशलाचार्य’ पुरस्कार सुरू केले तेव्हा आयटीआयचे निदेशक आणि इतर कौशल्य-प्रशिक्षक यांना स्वतःच्या नावाने राष्ट्रीय पातळीवर गौरवण्याची सोय झाली.