अस्सल तबकडी, नक्कल तबकडी

२००० ते २०१० या दशकात मराठवाड्यातल्या बाजारगावांत चित्रपट म्हणजे 'सीडी' होता. बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातले दिंद्रुड हे असेच एक गाव. भाड्याने रंगीत टीव्ही आणि प्लेअर आणायचा, सोबत तीन-चार चित्रपट आणायचे, भारनियमनाचे वेळापत्रक पाहून रात्र ठरवायची आणि ओट्यावर किंवा अंगणात ती सारी रात्र जागवायची, ही त्या काळची रीत. दसऱ्यानंतर ऊसतोडीला बाहेर पडणारी कुटुंबे निघण्याआधी, आणि हंगाम संपवून पाडव्याच्या सुमारास परतल्यावर, अशा रात्री विशेष होत. दुकानदार गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारी: 'ओरिजनल पाहिजे का साधी?' 'साधी' म्हणजे काय हे दोघांनाही ठाऊक असे. 'नकली' हा शब्द मात्र कोणी उच्चारत नसे.

ती दुकाने केव्हाच मोबाइलच्या रिचार्जकडे वळली आणि त्यांच्या फळ्यांवरचा माल पोत्यांतून भंगारात गेला. अलीकडे त्यातलाच काही माल संग्राहकांच्या हाती परत येऊ लागला आहे. मराठी चित्रपटांच्या जुन्या व्हीसीडी हौसेने जमवणारे लोक आहेत, त्यांची देवघेव चालते आणि 'ओरिजनल' या विशेषणाला पुन्हा किंमत आली आहे. म्हणून दुकानदाराचा तो प्रश्न आता इतिहासाचा प्रश्न म्हणून विचारायला हवा. तबकडी अस्सल आहे हे कशावरून ठरते, आणि ठरले तर नेमके काय ठरते?

व्हीसीडीचे मानक १९९३ साली ठरले. फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी या चार कंपन्यांनी ते सिद्ध केले. पश्चिमेत ही वस्तू रुजली नाही. आशियात मात्र तिने घरोघर प्रवेश मिळवला. आपल्याकडच्या पाल पद्धतीत तिचे चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे, म्हणजे पुऱ्या दूरचित्रवाणी-चित्राच्या पाव भागाएवढे. एका तबकडीवर सुमारे ७४ मिनिटे मावत. नकलेपासून संरक्षण करणारी कोणतीही व्यवस्था त्या मानकात नव्हती. डीव्हीडीला निदान सांकेतिक कुलूप होते (तेही १९९९ मध्ये फोडले गेले), व्हीसीडीला दारच नव्हते. संगणक आणि कोरी तबकडी जवळ असलेला कोणीही ती उतरवून घेऊ शके.

अस्सल-नकलीची पहिली पारख सर्वांना ठाऊक असते: तबकडी उलटी करून पाहावी. कारखान्यात साच्याने दाबून काढलेल्या तबकडीत ॲल्युमिनियमचा थर असतो, म्हणून ती चंदेरी दिसते. संगणकावर 'जाळलेल्या' तबकडीत रंगद्रव्याचा थर असतो, म्हणून ती हिरवट किंवा निळसर दिसते. डीव्हीडी असेल तर जांभळी. परंतु ही पारख एकाच दिशेने चालते. हिरवी तबकडी कारखान्यातून आलेली नाही एवढे निश्चित. चंदेरी तबकडी परवान्याने निघाली असेल असे मात्र नाही. मोठे चाचे (हा शब्द आपल्याकडे समुद्रावरून आला, पण दिंद्रुडपासून समुद्र फार लांब) साचे करवून घेत आणि कारखान्यातच माल काढीत.

म्हणून दुसरी खूण पाहावी लागते. तबकडीच्या मधल्या छिद्राभोवती आरशासारखे कडे असते. त्यावर साच्याचा क्रमांक कोरलेला असतो, आणि अनेकदा 'आयएफपीआय' या अक्षरांपुढे एक छोटा संकेतही असतो. ध्वनिमुद्रण उद्योगाच्या या आंतरराष्ट्रीय संघटनेने फिलिप्ससह १९९४ मध्ये ही पद्धत सुरू केली. 'एल' या रोमन अक्षराने सुरू होणारा संकेत मूळ मुद्रा कोणी तयार केली ते सांगतो. दुसरा संकेत तबकडी कोणत्या साच्यात ओतली ते सांगतो. चोरट्या मालावर हे संकेत खरवडलेले सापडतात, आणि तो ओरखडा अक्षरांपेक्षा अधिक बोलका असतो. मात्र संकेत नाही म्हणून माल खोटा असे म्हणता येत नाही. भारतात तबकडी-कारखान्यांसाठी स्वतंत्र कायद्याची मागणी पुष्कळ झाली, पण तो झाला नाही. शिवाय संकेत कारखान्याची ओळख पटवतो; ती मागणी नोंदवणाऱ्याकडे चित्रपटाचे हक्क होते की नाही, याबद्दल तो काहीच सांगत नाही.

तिसरी पारख वेष्टनाची, आणि ती मला सर्वांत विश्वासार्ह वाटते. स्वामित्वहक्क कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने कलम ५२-अ आले. विक्रीसाठीच्या व्हिडिओ चित्रपटावर आणि त्याच्या वेष्टनावर चित्रपट प्रमाणन मंडळाच्या प्रमाणपत्राची प्रत, तो तयार करणाऱ्याचे नाव-पत्ता, त्याने परवानगी घेतल्याचे निवेदन, आणि हक्कधारकाचे नाव-पत्ता असलाच पाहिजे, असे हे कलम सांगते. भंग केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद. नक्कल करणारा वेष्टन मुळाबरहुकूम काढायचा प्रयत्न करतो. पण तो छापील वेष्टनाचेच छायाचित्र घेऊन पुन्हा छापत असतो. छपाई म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. जाळीवर दुसरी जाळी पडली की नायिकेच्या गालावर लाटा उमटतात, आणि नखाएवढ्या प्रमाणपत्रातली अक्षरे एकमेकांत विरघळतात. साध्या भिंगाने हे दिसते. चेहरे साधतात, कायदा साधत नाही.

याच प्रमाणपत्रात आणखी एक उपयोगाची गोष्ट असते, ती म्हणजे लांबी. जुन्या प्रेक्षकांना आठवेल की चित्रपटाच्या आरंभी प्रमाणपत्र पडद्यावर आले की कोणीतरी रिळांची संख्या मोठ्याने वाची, आणि 'सोळा रिळांचा आहे' या वाक्यावर समाधानाची एक लहर थिएटरभर जाई. त्याच ओळीशेजारी मीटरमधली लांबीही असे. ३५ मिलिमीटरची फीत सेकंदाला २४ चौकटी या वेगाने मिनिटाला सुमारे २७.४ मीटर सरकते. म्हणजे ३,७०० मीटरचा चित्रपट साधारण १३५ मिनिटांचा. पाल पद्धतीत तो सेकंदाला २५ चौकटींनी चालवला जातो, त्यामुळे सुमारे चार टक्क्यांनी आखडतो आणि १२९-१३० मिनिटांत संपतो. (नायकाचा आवाज किंचित चढलेला वाटतो तो त्यामुळेच.) तबकडी १३० मिनिटांची भरली तर चित्रपट पूर्ण आहे. ११० मिनिटांची भरली तर वीस मिनिटे कोणीतरी काढून घेतली आहेत.

हा हिशेब मी हौसेने करू लागलो आणि त्याने माझी अस्सलपणाची कल्पनाच हलवली. १६० मिनिटांचा चित्रपट घ्या. पालमध्ये तो १५३ मिनिटांच्या पुढे जातो. दोन व्हीसीडींची क्षमता १४८. सहा मिनिटांसाठी तिसरी तबकडी घालायची की सहा मिनिटे कापायची? निर्माता कंपनीला हा प्रश्न पैशाचा होता आणि उत्तर बहुधा कात्रीनेच दिले जाई. कात्री पडे ती गाण्यावर, नाहीतर सुरुवातीच्या श्रेयनामावलीवर. म्हणजे कायदेशीर, चंदेरी, संकेतयुक्त, प्रमाणपत्रासह असलेली तबकडी तिच्याच प्रमाणपत्राला खोटे पाडते. याउलट दिंद्रुडच्या एका बंद पडलेल्या दुकानातून आलेल्या पोत्यात मला एका तमाशापटाची हिरवी 'साधी' सीडी मिळाली. ती दूरचित्रवाणीवरून उतरवलेली. कोपऱ्यात वाहिनीचे चिन्ह, मधेच जाहिरात कापल्याचा धक्का. पण अधिकृत संचात नसलेली एक लावणी तीत पूर्ण होती. संग्राहकाच्या बाजारात या सीडीची किंमत शून्य. चित्रपटाच्या अभ्यासकाने मात्र दोन्हींतून एकच निवडायची झाली तर हीच निवडावी, असे माझे मत आहे.

अशा वेळी एक प्रसिद्ध उदाहरण आठवते. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात प्रदर्शित झाला. त्याच्या चार रिळांपैकी पहिले आणि चौथे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन झाले आहे. परंतु फाळक्यांनी हीच कथा १९१७ साली 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र' या नावाने पुन्हा चित्रित केली होती, आणि आज उरलेली रिळे या दुसऱ्या चित्रपटाची आहेत असे काही चित्रपट-इतिहासकारांचे मत आहे. म्हणजे 'भारताचा पहिला चित्रपट' असे लिहिलेली तबकडी कारखान्याच्या दृष्टीने कितीही निर्दोष असली, तरी तिच्यातला चित्रपट तोच की त्याचा चार वर्षांनी धाकटा भाऊ, हा वाद तिच्या कड्यावरच्या कोणत्याही अंकाने मिटत नाही. इथे नक्कल करणारा चोर नाही, स्वतः कर्ताच आहे. नाणेसंग्राहकाला हा पेच सहसा पडत नाही. टांकसाळ ओळखली की त्याचे काम संपते. तबकडीच्या संग्राहकाचे काम टांकसाळ ओळखल्यावर सुरू होते.

राज्यसंस्थेने अर्थातच एवढा विचार केला नाही, आणि तिच्याकडून ती अपेक्षाही नसावी. १९८१ च्या ज्या महाराष्ट्र अधिनियमाखाली झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि अमली द्रव्यांचे व्यापारी यांना खटल्याविना वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करता येते, त्यात २००९ मध्ये 'दृकश्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती' दाखल झाल्या. पुढे वाळूतस्करही आले. गोदावरी आणि सिंदफणेच्या काठी राहणाऱ्यांना त्या यादीतल्या वाळूवाल्यांचे वजन समजावून सांगायला नको. त्यांच्या पंगतीत सीडीवाला बसलेला पाहून हसावे की काय, ते कळत नाही. तबकडीला 'कलाकृती' म्हणण्याची उदारता मात्र समीक्षकांच्या आधी या कायद्याने दाखवली, हे नोंदवून ठेवले पाहिजे.

चोरट्या व्यापाराला खरा धक्का कायद्यापेक्षा किमतीने दिला. २००७ साली मोझर बेअर कंपनी चित्रपटांच्या धंद्यात उतरली आणि तिने व्हीसीडी २८ रुपयांना, डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. 'साधी' आणि 'ओरिजनल' यांतले अंतर चहाच्या दोन-चार कपांवर आले. गंमत अशी की ही कंपनी कोऱ्या तबकड्यांच्या जगातल्या मोठ्या उत्पादकांपैकी एक. ज्या कोऱ्या सीडीवर चित्रपट चोरून उतरवला जाई ती, आणि त्याच चित्रपटाची २८ रुपयांची अधिकृत प्रत, या दोन्ही एकाच घरच्या असू शकत. सख्ख्या बहिणी, एक मांडवातून गेली, एक पळून गेली. पुढे मोबाइल आणि इंटरनेटने दोघींनाही घराबाहेर काढले. २०१८ मध्ये कंपनीच्या अवसायनाचा आदेश झाला. त्या स्वस्त वेष्टनांतल्या मराठी व्हीसीडी आज संग्राहक जपून ठेवतात. त्या काळी त्यांना कोणी मोजतही नव्हते.

आता एक निकडीची बाब. चंदेरी तबकडी नीट ठेवली तर पुष्कळ टिकते. रंगद्रव्यावरची हिरवी तबकडी उन्हाने आणि उष्णतेने विटते. बीडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेल्या पोत्यात तिचे काय होत असेल ते सांगायला नको. चित्र आधी चौकोनांत फुटते, मग थांबते, मग प्लेअर तबकडी ओळखतच नाही. म्हणजे उतरवून घेण्याची घाई ज्या मालाची आहे तो नेमका 'साधा' माल आहे, आणि तोच संग्राहक आधी फेकतात. माझी पद्धत अशी: तबकडी नकली ठरली तरी नोंदवहीत तिची ओळ करायची. रंग, कड्यावरचे अंक, मिनिटे, कोणत्या वाहिनीचे चिन्ह, थिएटरात चोरून चित्रित केलेली असेल तर पडद्यासमोरून उठून जाणाऱ्या प्रेक्षकाची सावली कोणत्या मिनिटाला येते, हे सारे लिहायचे. ती सावलीसुद्धा कुठल्यातरी थिएटरातल्या एका खेळाची साक्ष असते.

उतरवून घेणे म्हणजे नकलेची नक्कल करणे, आणि तीही विनापरवाना, हा आक्षेप येणारच. त्याला काळाने काही अंशी उत्तर दिले आहे. आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' १९५९ चा. म्हणजे १ जानेवारी २०२० पासून त्या चित्रपटापुरता हा हक्क सरला, आणि त्याची एखाद्या पोत्यात पडलेली हिरवी सीडी हक्कधारकाच्या दृष्टीने रातोरात निरुपद्रवी झाली. गीतांचे हक्क मात्र वेगळे चालतात, गीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षे. ग. दि. माडगूळकर १९७७ च्या डिसेंबरात गेले. तेव्हा त्या सीडीतला चित्रपट आज मोकळा आहे, आणि तीतली गाणी २०३७ सालच्या अखेरपर्यंत मोकळी नाहीत.