वॉल्व्हिस उपसागर

आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील अटलांटिक महासागराचा उपसागर व त्याच नावाचे नामिबियाचे प्रमुख बंदर. मकरवृत्ताच्या किंचित उत्तरेस, स्वाकोपमुंड शहराच्या दक्षिणेस सु. ३५ किमी.वर ते वसले आहे. ‘देवमासा’ या अर्थाच्या डच शब्दावरून हे नाव पडले. पेलिकन पॉइंट हा वाळूचा लांब दांडा लाटा अडवतो. त्यामुळे या उघड्या किनाऱ्यावर जहाजांना दुर्मीळ असा आडोसा येथे मिळतो.

निसर्ग : बेंग्वेला हा शीत सागरप्रवाह येथील जीवनाचा कर्ता आहे. त्याच्यामुळे हवा थंड राहते, पाऊस वर्षाला २० मिमी.हूनही कमी पडतो आणि नामिब वाळवंट थेट समुद्राला भिडते. किनाऱ्याला ओलावा मिळतो तो मुख्यतः धुक्यातून. याच प्रवाहासोबत तळाचे पोषक पाणी वर येते, प्लवक वाढते आणि समुद्र मासळीने समृद्ध होतो. दक्षिणेकडील उथळ खारकच्छ १९९५ पासून रामसर पाणथळ क्षेत्र आहे. रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगोंचे) मोठे थवे व उत्तर ध्रुवाकडून येणारे किनारपक्षी येथे चरतात. पेलिकन पॉइंटवर सीलची वसाहत आहे.

इतिहास : पोर्तुगीज दर्यावर्दी बार्तोलोमेउ दियश १४८७ मध्ये येथे आला. ब्रिटनने १८७८ मध्ये उपसागर ताब्यात घेऊन १८८४ मध्ये केप वसाहतीस जोडला. भोवतालचा प्रदेश (आजचा नामिबिया) मात्र जर्मनीकडे गेला. नामिबिया १९९० मध्ये दक्षिण आफ्रिकेपासून स्वतंत्र झाला तरी पूर्वीच्या केप वसाहतीचा भाग म्हणून हे बंदर दक्षिण आफ्रिकेने सोडले नव्हते. १ मार्च १९९४ रोजी ते नामिबियात विलीन झाले व देशाचे स्वातंत्र्य खऱ्या अर्थाने पूर्ण झाले.

लोकजीवन : मासेमारी, मासळी-प्रक्रिया, बंदरातील हमाली व मिठागरे ही उपजीविकेची साधने. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय कामगारांसाठी वसवलेली कुइसेबमोंड ही वस्ती आजही गजबजलेली आहे. कुइसेब नदीच्या कोरड्या पात्रालगत राहणारे टोपनार लोक काटेरी ‘नारा’ वनस्पतीची फळे गोळा करून त्यांचा गर व बिया खातात. अतिमासेमारीमुळे तारलीवर्गीय पिलचर्ड मासळी १९६० च्या दशकानंतर झपाट्याने घटली. रुक्ष वाळवंटाकाठच्या या गावाचे शेत समुद्रच आहे. म्हणून ते राखून वापरणे, यावरच येथील माणसांचे व पक्ष्यांचे भवितव्य अवलंबून आहे.