सोसणे म्हणजे आशा नव्हे

ख्रिस्ती श्रद्धेविषयी पुण्यात एक मत सहज ऐकू येते, आणि ते मांडणारे बहुतेक जण सुजाण, वाचणारे असतात. ते म्हणतात, हा धर्म दुःखी माणसाला धीर देतो, आजाऱ्याची शुश्रूषा करतो, शाळा आणि दवाखाने काढतो. अन्यायाशी झगडायला मात्र तो शिकवत नाही. एका गालावर चापट बसली तर दुसरा पुढे करावा, शत्रूवर प्रेम करावे, इथले भोग निमूट सोसावेत आणि स्वर्गात भरपाई होईल म्हणून वाट पाहावी, एवढेच त्याचे सार. त्याची आशा परलोकातली आहे, आणि इहलोकातला दुष्टपणा बिनविरोध चालू देणे ही त्या आशेची किंमत.

कसबा पेठेत या मताला आणखी धार येते. प्रतिकार म्हटले की या पेठेला लाल महाल आठवतो आणि 5 एप्रिल 1663 च्या रात्री शिवरायांनी शाहिस्तेखानावर घातलेला छापा आठवतो. ज्या मातीत प्रतिकाराचे माप असे आहे, तिथे वधस्तंभावर खिळलेला, शत्रूंसाठी क्षमा मागणारा देव दुबळा वाटावा यात नवल नाही. याच पेठेत ब्रदर देशपांडे यांच्या नावाचे चर्च उभे आहे आणि तिथे मराठीतून उपासना होते. त्या उपासनेत आशेचे शब्द येतात तेव्हा आम्ही मराठी ख्रिस्ती माणसे नेमके काय म्हणतो, हे या आक्षेपाला उत्तर म्हणून स्पष्ट मांडणे मला आवश्यक वाटते.

पूर्वपक्ष कमकुवत करून खोडण्यात अर्थ नाही. त्याचे तीन आधार भक्कम आहेत. पहिला आधार शास्त्राचा. डोंगरावरील प्रवचनात येशू दुष्टाला उलट प्रहार करू नका असे सांगतो, आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल सत्तेच्या अधीन राहायला सांगतो. दुसरा तत्त्वज्ञांचा. मार्क्सने 1844 मध्ये धर्माला अफू म्हटले, आणि नीत्शेने 1887 मध्ये ख्रिस्ती नीती ही दुबळ्यांनी आपल्या दुबळेपणाला चढवलेला मुलामा आहे असा आरोप केला. तिसरा इतिहासाचा. अमेरिकेतल्या गुलाममालकांनी पौलाची वचने गुलामांना ऐकवली, आणि एकोणिसाव्या शतकातल्या अनेक मिशनऱ्यांना इंग्रजी राज्य हीच ईश्वरी योजना वाटली.

शास्त्रापासून सुरुवात करू. दुसरा गाल पुढे करण्याच्या वचनाचे सर्वांत विश्वसनीय भाष्य येशूच्या स्वतःच्या वागण्यात सापडते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रमुख याजकापुढे चौकशी चालू असताना एक शिपाई त्याला चपराक मारतो. तेव्हा येशू गप्प बसत नाही आणि हातही उगारत नाही. माझे काही चुकले असेल तर ते दाखव, चुकले नसेल तर मला का मारतोस, असा जाब तो त्या शिपायाला भर दरबारात विचारतो. मारणाऱ्याला सूड मिळत नाही, पण मारण्याचे कारण सगळ्यांसमोर द्यावे लागते. सुडाचा त्याग आणि प्रतिकाराचा त्याग या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्रचलित मत त्या एकच धरते, आणि त्याची सगळी चूक तिथून सुरू होते.

तेराव्या अध्यायाचेही तसेच. पौलाचे ते वाक्य एकटे वाचले तर सत्तेपुढे मान तुकवण्याचा हुकूम वाटतो. पण त्याच्या आधीच्या अध्यायाचा शेवट वाइटाला बऱ्याने जिंकण्याच्या आज्ञेने होतो, आणि जिंकणे ही हातावर हात ठेवून बसणाऱ्याची भाषा नाही. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र न्यायसभेला तोंडावर सांगतो की माणसांचा हुकूम देवाच्या आज्ञेच्या आड आला तर आम्ही देवाचेच ऐकू. प्रकटीकरणाच्या पुस्तकातही एक तेरावा अध्याय आहे, आणि त्यात सम्राटाची सत्ता समुद्रातून वर येणाऱ्या श्वापदाच्या रूपात येते. सत्ता न्याय करते तोवर तिचा मान, आणि ती देवाच्या जागी बसू लागली की तिला नकार, असा शास्त्राचा एकत्रित निवाडा आहे.

हा निवाडा फार जुना आहे. निर्गमाच्या पहिल्याच अध्यायात मिसरचा राजा इब्री मुलगे जन्मताच मारण्याचा हुकूम देतो, आणि शिप्रा व पुवा या दोन सुइणी तो मोडतात. त्यांच्या हाती शस्त्र नाही, अधिकार नाही. बाळंतिणीच्या खाटेशी उभे राहून त्या फक्त मारायचे नाकारतात. पुढे मोशे येतो, समुद्र दुभंगतो. पण मुक्तीच्या त्या सगळ्या कथेची सुरुवात या दोन बायकांच्या नकारापासून होते, आणि शास्त्राने त्यांची नावे जपून ठेवली आहेत. पुढे आमोस गरिबाला जोड्यांच्या मोलाने विकणाऱ्या व्यापाऱ्यांवर तुटून पडतो. नव्या करारात याकोब शेतमजुरांची मजुरी अडवणाऱ्या श्रीमंतांना बजावतो की ती अडवलेली मजुरी देवापर्यंत ओरडत गेली आहे. हे सगळे बाजूला ठेवूनच या ग्रंथाला निमूट सोसण्याचा ग्रंथ म्हणता येते.

गुलाममालकांनी अगदी असेच केले. 1807 मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीज बेटांवरच्या गुलामांसाठी पवित्र शास्त्राची एक निवडक आवृत्ती छापली गेली. तिच्यातून मिसरच्या दास्यातून सुटकेची कथा गाळली होती आणि प्रकटीकरणही गाळले होते. इतिहासाच्या आधारावरचा आक्षेप इथे स्वतःवरच उलटतो. हा ग्रंथ गुलामांना गुलामच ठेवतो अशी मालकांची खात्री असती, तर त्याला कात्री लावण्याची गरजच पडली नसती. सत्तेच्या बाजूला उभ्या राहिलेल्या चर्चचे पाप मी झाकत नाही. गोव्यात 1560 पासून 1812 पर्यंत चाललेले धर्मन्यायालयही त्याच पापाच्या खात्यात जमा आहे. पण हे पाप मोजायला लागणारी फूटपट्टी याच ग्रंथातून येते, आणि चर्चविरुद्धची सर्वांत कठोर साक्ष संदेष्ट्यांचीच आहे.

तत्त्वज्ञांना थोडक्यात उत्तर देता येते. मार्क्सचा अफूचा शब्द सगळ्यांना पाठ आहे. त्याच परिच्छेदात त्याने धर्माला पिडलेल्या जिवाचा सुस्कारा आणि खऱ्या दुःखाविरुद्धचा निषेधही म्हटले आहे, हे कोणी सांगत नाही. नीत्शेच्या आरोपाचे उत्तर आपल्याकडच्या एका अख्रिस्ती माणसाने त्याआधीच दिले होते. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, पण त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. तरी 1873 च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी येशूला बळीराजाच्या परंपरेत बसवले. गांजलेल्यांसाठी उभा राहिलेला राजा अशी त्यांनी त्याची ओळख पटवली. येशू दुबळ्यांना दुबळे ठेवतो असे फुल्यांना दिसले असते, तर बळीचा मान त्यांनी त्याला दिला नसता.

आता पुण्याचाच पुरावा घेऊ. 1897 च्या प्लेगमध्ये इंग्रज अधिकारी रँडच्या समितीने गोऱ्या सैनिकांकरवी घरांची झडती सुरू केली. कसब्यासह जुन्या पेठांतल्या माजघरांत आणि देवघरांत बूट शिरले, माणसे छावण्यांत आणि रुग्णालयांत नेली गेली. 22 जून रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. त्यांच्या धैर्याविषयी या शहराला वाटणारा आदर खरा आहे, आणि तो कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण त्या गोळीच्या आधी, त्याच वर्षाच्या मे महिन्यात, एका ख्रिस्ती बाईने ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकात पत्र लिहून प्लेग रुग्णालयातल्या स्त्रियांच्या हालांबद्दल सरकारला उघड जाब विचारला होता. त्या पंडिता रमाबाई. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्यांचे म्हणणे दिशाभूल करणारे ठरवले. रमाबाईंनी शब्द मागे घेतले नाहीत.

या पत्राचे मोल नीट ध्यानात घ्यायला हवे. धर्मांतरामुळे रमाबाई पुण्याच्या प्रतिष्ठितांपासून दुरावल्या होत्या. 1893 मध्ये त्यांच्या शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले होते. सरकार ख्रिस्ती, देणगीदार ख्रिस्ती. गप्प राहण्याने त्यांचा सगळा लाभ होता आणि बोलण्याने केवळ तोटा. तरी त्या बोलल्या. लूकच्या अठराव्या अध्यायातली विधवा न्यायाधीशाच्या दारी न्याय मिळेपर्यंत पुनःपुन्हा जाते. येशू ती गोष्ट सांगतो ती खचून न जाता प्रार्थना कशी करावी हे शिकवण्यासाठी. शास्त्राच्या लेखी प्रार्थना आणि सत्तेच्या दारातला हट्ट ही एकाच वृत्तीची दोन रूपे आहेत, आणि रमाबाईंच्या आयुष्यात ती दोन्ही सोबत दिसतात.

त्या केवळ सरकारशी झगडल्या असेही नाही. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर थोड्याच काळात त्या तिथल्या धर्मभगिनींशी सिद्धान्तांवर वाद घालत होत्या. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायला बिशपांनी हरकत घेतली तेव्हा ती हरकत त्यांनी मुकाट्याने मान्य केली नाही. स्वतःच्या विवेकाने शास्त्र वाचण्याचा अधिकार त्यांनी कोणाकडे गहाण टाकला नाही. पुढे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले आणि ते केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनच्याच छापखान्यात छापले गेले. आज्ञाधारक, सोशिक श्रद्धा असे वागत नाही.

त्यांच्या आशेकडेही पाहावे. रमाबाईंच्या आईवडिलांना दुष्काळाने नेले. मागोमाग बहीण गेली, भाऊ गेला, आणि वयाच्या चोविसाव्या वर्षापूर्वी पतीही गेला. भुकेने माणूस कसा विझत जातो हे त्यांनी स्वतःच्या घरात पाहिले होते. 1896–97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे गेल्या, शेकडो मुली आणि विधवा घेऊन आल्या आणि त्यांना केडगावला वसवले. तिथे शेती होती, हातमाग होते, छापखाना होता, अंध मुलींसाठी शिक्षण होते. स्वर्गातल्या भरपाईवर भिस्त ठेवून बसणाऱ्या व्यक्तीने विहिरी खणल्या नसत्या आणि छपाईचे खिळे जुळवायला मुलींना शिकवले नसते.

इथे आक्षेप येईल की त्या मुली ख्रिस्ती झाल्या, म्हणजे भाकरीच्या बदल्यात धर्म असा हा व्यवहार होता. हा प्रश्न गंभीर आहे आणि त्याची चर्चा झालीच पाहिजे. पण तो निराळा प्रश्न आहे. धर्मांतरावरून रमाबाईंवर टीका करणाऱ्यांपैकी कोणीही, ही बाई अन्याय निमूट सोसते, असे म्हटले नाही. त्यांची सारी तक्रार ती फार करते याचीच होती.

सुमारे एका शतकानंतरचे उदाहरण वसईचे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बांधकाम व्यावसायिक आणि गुंडगिरी यांची एकत्रित झडप पडली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून लोक उभे केले. धमक्यांना ते डगमगले नाहीत आणि हिंसेकडेही वळले नाहीत. हेच दिब्रिटो ‘सुबोध बायबल’चे कर्ते, 2013 च्या साहित्य अकादमी पुरस्काराचे मानकरी आणि 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. शास्त्र मराठीत आणण्याचे काम आणि हिरवा पट्टा वाचवण्याचे काम त्यांनी एकाच श्रद्धेने केले. जगात अन्यत्रही हेच दिसते. हिटलरला विरोध करणारे पाद्री डीट्रिख बॉनहॉफर 9 एप्रिल 1945 रोजी फासावर गेले, आणि एल साल्व्हाडोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो 24 मार्च 1980 रोजी उपासना चालवतानाच गोळीला बळी पडले. सोसायला शिकवणाऱ्यांना सत्ता ठार मारत नाही.

खंडन इथे संपते. आता मंडन.

ख्रिस्ती आशा कुठून येते? वधस्तंभ ही रोमन सरकारची शिक्षा होती, गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी राखलेली. एका निरपराध माणसाला राज्यसत्तेने, न्यायसभेने आणि जमावाने मिळून ती दिली, आणि देवाने तिसऱ्या दिवशी तो निकाल फिरवला, असा आमचा विश्वास आहे. ज्याला हे खरे वाटते त्याच्यासाठी कोणत्याही सत्तेचा निकाल अखेरचा उरत नाही. इतिहासात कितीही वेळा दुष्टपणा जिंकलेला दिसला तरी खटला अजून संपलेला नाही, हे त्याला ठाऊक असते. आमच्या आशेचा गाभा हा.

या आशेतून तीन गोष्टी मिळतात, आणि प्रतिकाराला तिन्ही लागतात. पहिली, वाइटाला वाईट म्हणण्याची मोकळीक. स्तोत्रसंहितेचा मोठा हिस्सा विलापाचा आहे. देवालाही किती काळ असे विचारण्याची मुभा तिथे आहे, म्हणून श्रद्धाळूला दुःखावर गोड पांघरूण घालावे लागत नाही. दुसरी, द्वेषापासून सुटका. शेवटचा न्याय आपल्या हाती नाही हे कळलेला माणूस शत्रूला संपवण्याच्या घाईत शत्रूसारखा होत नाही. तिसरी, फळ दिसेपर्यंत टिकण्याची ताकद. रमाबाईंच्या पत्राने रुग्णालये रातोरात बदलली नाहीत, पण त्यांचे काम त्या निकालावर अवलंबून नव्हते. रागाला रोज नवे इंधन लागते आणि विजय लांबला की तो विझतो किंवा जाळत सुटतो. हरण्याच्या काळातही योग्य तेच करत राहायला ही आशा पुरते.

आता माझ्याच मंडळीशी दोन शब्द. प्रचलित मत चुकीचे आहे हे शास्त्रावरून आणि इतिहासावरून सिद्ध होते, पण ते लोकांच्या मनात रुजायला आम्हीही कारण आहोत. घरात मार खाणाऱ्या बहिणीला आम्ही तुझा वधस्तंभ वाहा असे सांगतो. गटारात उतरून मेलेल्या सफाई कामगाराच्या घरी सांत्वनाची प्रार्थना करून परततो आणि त्याला खाली कोणी उतरवले हे विचारत नाही. चर्चमध्ये शिरलेल्या जातीकडे काणाडोळा करतो. जिथे आम्ही असे वागतो तिथे आक्षेप घेणाऱ्याचे म्हणणे मान खाली घालून ऐकले पाहिजे, कारण तिथे तो आमच्याविषयी खरे बोलतो. ख्रिस्ताविषयी मात्र तो खरे बोलत नाही. ख्रिस्ताने चपराक मारणाऱ्याला जाब विचारला आणि त्याच्यासाठी प्रार्थनाही केली. ज्या मंडळीला यांतली एकच गोष्ट जमते, तिने शास्त्र अर्धेच वाचले आहे.